कंडक्टरबाई झडती घेत नाहीत

सिंधूबाई रहांगडाले यांना खुर्चीत बसलेलं मी एकदाच पाहिलं, ते शेवटी सांगतो. एरवी बाई उभ्या. दोन्ही पाय जरा फाकवून, एक हात वर करून, वाशाला बांधलेली दोरी धरून. आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावातल्या त्या जुन्या धानाच्या गोदामाला काही चाकं नव्हती, खालची जमीनही हलत नव्हती. पण सगळी हयात एसटीत कंडक्टरकी केलेल्या बाईला हे कोण सांगणार? मी एकदा सांगून पाहिलं. "बाई, खाली बसा ना जरा," म्हटलं. बाई म्हणाल्या, "मास्तर, कंडक्टर बसला का गाडी झोपते." झालं, विषय संपला.

मी काही मास्तर नाही. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या मोटारीतली तार काढायची आणि नवी भरायची. बाईंचं गोदाम माझ्या दुकानासमोर. निवृत्त झाल्यावर बाई एका संध्याकाळी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "संध्याकाळी काय करता?"

"काही नाही. बसतो."

"मंग उद्यापासून करा. पोट्टे येतीन. त्याहिले हे तारेचं काम शिकवा."

विचारलं नाही, विनवलं नाही. मीही खुळ्यासारखा दुसऱ्या दिवशी गेलो. तेव्हापासून गावानं मला मास्तर करून टाकलं.

हे पोट्टे बाईंना सापडले कुठे? तर बसमध्ये. म्हणजे बसमध्ये न दिसल्यामुळे. देवरी-चिचगड रस्त्यावर बाईंची बरीच वर्षं ड्युटी होती. शाळेची पासवाली पोरं-पोरी चढायची, आणि कोण कोणत्या थांब्यावर चढतो हे बाईंना तोंडपाठ. एखादा चेहरा दिसेनासा झाला की बाई दार उघडून खाली उतरायच्या आणि थांब्यावरच्या माणसांना विचारायच्या, "ते लाल रिबिनवाली कोठी गेली?" ड्रायव्हर हॉर्न मारून मारून दमायचा. उत्तर ठरलेलं. नापास झाली. भाऊ लहान आहे, त्याला पाहते. मिरची तोडायला तेलंगणात गेली. बाई पुन्हा वर चढायच्या आणि घंटीची दोरी दोनदा ओढायच्या. "पास संपला नोयता, मास्तर. पोट्टीच संपली," असं मला म्हणाल्या होत्या. राग अजून ताजा होता.

म्हणून निवृत्तीनंतर ज्यांना शाळेनं सोडलं, ज्यांनी शाळा सोडली, ज्यांच्या नावानं गाव बोटं मोडतं, अशांना बाईंनी गोदामात गोळा केलं. मुलांना वायरिंग आणि वाइंडिंग, मुलींनाही तेच. सोबत बाईंचा स्वतःचा विषय. त्याला त्यांनी नाव दिलं नव्हतं. समोरच्या माणसाच्या डोळ्यात पाहायचं, आपल्याला काय पाहिजे ते सांगायचं आणि हलायचं नाही, एवढाच तो विषय. मागच्या भिंतीला टेकून बसायची कोणाला मुभा नव्हती. नवा पोरगा आला की मागे जाऊनच बसतो, तो बसला की बाईंची आरोळी ठरलेली:

"समोर सरका, समोर! मांगं कोनाचं घर नाई!"

चिचगडकडची एक मुलगी होती, फुलवंता. घरी गोंडी बोलणारी, आमच्याशी बोलायची वेळ आली की जमिनीकडे पाहणारी. बाईंनी तिला आठवडी बाजारात चारोळीची टोपली घेऊन उभं केलं आणि स्वतः बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, मिरचीवाल्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. तिथून ओरडायच्या, "नाई आला! मांगच्या सीटवर आवाज नाई आला!" सगळा बाजार हसायचा. फुलवंता रडायची. दुसऱ्या बाजाराला पुन्हा तेच. पोरीला शेवटी बाईंचा इतका राग आला, की एकदा तिनं अशी हाळी दिली की मिरचीवाला दचकून उठला. बाई टाळ्या पिटत आल्या.

पुढे गोंदियात एका दवाखान्यात मदतनीस पाहिजे होती. फुलवंता मुलाखतीला गेली. टेबलापलीकडच्या मॅडमनं हळूच विचारलं, नाव काय? आणि आमच्या पोरीनं मागच्या सीटसाठी नाव सांगितलं. मॅडमच्या हातातला चहा हिंदकळला म्हणतात. बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. वॉर्डात काही तिला घेतलं नाही, पण बाहेरच्या ओळीतल्या पेशंटची नावं पुकारायला ठेवली. आजही आहे. तुम्ही औषधाच्या दुकानात उभे असलात तरी तुमचं नाव तुम्हाला ऐकू येतं.

आता रूपेशचं सांगतो, कारण बाई कोण होत्या ते त्याच्याशिवाय कळायचं नाही.

रूपेश आमगावकडचा. नववीतून सुटलेला. शेतातल्या मोटारपंपांची केबल चोरीला गेली, तेव्हा ज्या टोळक्यात तो बसायचा त्या टोळक्याला त्याच्यासकट पोलिसांनी पकडलं. त्यानं केलं की नाही, मला ठाऊक नाही, मी विचारलं नाही. पण घरी परत आला तो नाव गमावूनच. गावात त्याला कोणी रूपेश म्हणेना. बाया अंगणातली भांडी आत घ्यायच्या. असा पोरगा आमच्याकडे वाइंडिंग शिकायला आला. वाइंडिंग म्हणजे तांब्याची तार. आणि तांबं माझं!  बाईंना बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, मांजराला दुधाजवळ बसवून राह्यल्या तुम्ही."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तीनदा घसा खाकरला.

त्याच साली एका कंपनीचे साहेब मदत करायला आले. दोन कॉम्प्युटर दिले, पंखे दिले, आणि एक मोठा थोरला पत्र्याचा बोर्ड दिला. त्यावर कंपनीचं नाव आणि खाली ठळक अक्षरात, 'गुन्हेगारीच्या वाटेवरील युवकांसाठी पुनर्वसन केंद्र'. बोर्ड गोदामाच्या दारावर लागला. दुसऱ्या दिवशी अर्धी पोरं मागच्या दारानं आत आली.

मधे पोळा आला. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे मारबत. पहाटे दारात खोवलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, मारबतीचं बुजगावणं उचलायचं आणि गावातली सगळी पीडा तिच्या माथी मारून शिवेबाहेर न्यायची. रोगराई घेऊन जा गे मारबत, खोकला घेऊन जा गे मारबत, असं ओरडत. त्या पहाटे बाईंनी पोरांना गोदामासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "खोकला जाईन तेव्हा जाईन. तुम्हाले लोकं जे जे म्हनतात ना, ते आज देऊन टाका तिले."

आधी सगळे लाजले. मग एक पोरगी ओरडली, "नापास घेऊन जा गे मारबत!" मग काय विचारता! ढ घेऊन जा. वाया गेलेली घेऊन जा. बापाच्या उरावरचा धोंडा घेऊन जा. गल्लीतली माणसं दारात आली. एक पोरगा तर असे एकेक शब्द ओरडला, की मी कानावर हात ठेवले. आणि शेवटी बाईंनी शिडी लावून तो बोर्ड उतरवला. "हे बी घेऊन जा गे मारबत!" म्हणत स्वतः डोक्यावर घेतला. शिवेबाहेर तो बुजगावण्यासोबत जाळात गेला.

रूपेश मात्र ओठ आवळून उभा होता.  मी बाईंना खुणेनं दाखवलं. बाई म्हणाल्या, "राहू द्या. त्याचा थांबा नाई आला अजून."

पत्रा काही जळत नाही. अक्षरं तेवढी जळाली. दुपारी बाई तो काळा पत्रा परत घेऊन आल्या. मी म्हटलं, मारबतीसोबत गेलेलं घरात आणतात का? तर म्हणाल्या, "नाव गेलं ना? पत्रा कायले फेकायचा, चांगला आहे." दाराशेजारी टांगला. एसटीतून जुना तिकिटं पंच करायचा चिमटा आणला होता त्यांनी, त्यानं त्या पत्र्यावर दोनदा वाजवायचं. वर्ग सुटला, चला, गाडी हलवा.

साहेब आले, पाहतात तर बोर्ड नाही. फार गोड बोलले हो ते. "मॅडम, बोर्डाशिवाय आम्हाला वर दाखवता येत नाही. ही मुलं कुठून आली हे लोकांना कळलं, तरच मदत येते."

बाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पोराच्या शाळेवर काय लिवलं आहे? 'श्रीमंताच्या लाडानं बिघडायच्या वाटेवरील'? नाई ना? मंग माह्याच पोराईच्या कपाळावर कायले लिवता?"

कॉम्प्युटर परत गेले. पंखेही गेले. त्या उन्हाळ्यात आम्ही घामानं निथळत शिकवलं, आणि मी बाईंवर मनातल्या मनात चरफडलो. पण पोरं पुढच्या दारानं येऊ लागली, हे मलाही दिसत होतं.

मग एका संध्याकाळी कपाटातला तांब्याच्या तारेचा नवा गुंडाळा गायब. माझ्या दुकानातून आणलेला. सगळ्यांचे डोळे रूपेशकडे वळले. त्यानं मान खाली घातली, आणि मला वाटलं, झालं, सापडला.

"बाई, झडती घ्या," मी म्हटलं.

"कोनाची?"

"सगळ्यांची."

"तुमची बी?"

"अहो, माझं तांबं गेलं आणि माझीच झडती?"

"हाव. बसमधला हरेक मानूस असंच म्हनते. माही सोडून."

मग पोरांसमोरच त्यांनी सांगितलं. भरल्या बसमध्ये एका प्रवाशानं बोंब ठोकली होती, की बाईनं पैसे घेतले आणि तिकीट दिलंच नाही, खाल्ले बाईनं. बाकीचे त्याच्या बाजूनं झाले. बाईंना आपली कातडी बॅग ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर उलटी करावी लागली. सुट्टे, तिकिटं, डब्यातली भाकर, हातरुमाल, सगळं. सगळी बस माना उंचावून पाहत होती. तिकीट निघालं त्याच माणसाच्या टोपीत.

"माफी कोनी मांगितली?" बाईंनी विचारलं. "कोनीच नाई. उलटे म्हनत होते, चला बाई, उशीर होऊन राह्यला. माह्यी भाकर बॉनेटवर होती, मास्तर. त्या दिवसापासून मी कोनाच्या खिशात हात घालत नाई. तांबं गेलं त गेलं."

मी आजही म्हणतो, झडती घ्यायला पाहिजे होती. ते तांबं कोणी नेलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण पुढचं ऐका. बाईंनी कपाटाची किल्ली काढली आणि रूपेशपुढे धरली. "हे तुह्याजवळ ठेव."

पोरगा उसळलाच. "मले नको! चाबी देऊन परीक्षा घेऊन राह्यल्या का माही? बाकीच्याईले काऊन नाई देत?"

 मला वाटलं, आता बाई एक ठेवून देतात. बाईंनी हातातल्या किल्लीकडे पाहिलं. म्हणाल्या, "बराबर बोलला. चुकलं माह्यं." आणि कपाटाचं कुलूपच काढून आणलं, माझ्या हातात ठेवलं. "हे तुमच्या दुकानाले लावा." त्यानंतर त्या कपाटाला कुलूप नाही. पुन्हा काही गेलं का? गेलं, माझी एक चांगली पक्कड गेली. मी बोंबललो. बाईंनी ऐकलं नाही.

रूपेशचा हात वाइंडिंगवर असा बसला, की मीही पाहत राहायचो. हंगामात गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मोटारी जळू लागल्या आणि त्यांना माणूस पाहिजे झाला. बाई, मी आणि रूपेश गेलो. शेठजींच्या कानावर सगळं आधीच गेलेलं. "बाई, लड़का तो अच्छा है। पर गारंटी कौन लेगा?"

"त्याच्या कामाची मी घेईन. मोटार जळली त माह्याकडे या."

"काम की नहीं। आप समझ रही हैं।"

"समजून राह्यली ना. चोरीची गॅरंटी. बाकीच्या गड्याईची कोनं घेतली ते सांगा, मंग मी बी घेईन."

मी बाईंचा पदर ओढायचा तेवढा बाकी होता. एक 'हो' म्हणायला काय जात होतं? पोराचं भलं होत होतं! पण शेठजींची मोटार जळलेली होती, धान अंगणात पडलेलं होतं. घेतलं रूपेशला.

आणि महिना गेला नसेल, रूपेश एका दुपारी माझ्या दुकानात आला आणि टेस्टर, पक्कड, टेप, सगळं माझ्या टेबलावर ठेवलं. "मास्तर, मी ठेकेदारासंगं मिरचीले जाऊन राह्यलो."

कारण काय, तर सुट्टी झाली की गेटवरचा चौकीदार सगळ्यांना सोडायचा आणि ह्याला थांबवायचा. खिसे उलटे, डबा उघडा, भाजीत बोट घालून पाहायचं. रोज. सगळ्या गड्यांसमोर. "मिरचीच्या वावरात त कोनी डबा पाहत नाई," रूपेश म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते मला दिसू नये म्हणून तो तारेचा गुंडाळा उगीच सोडून पुन्हा गुंडाळत होता. हा गेला तर परत येणार नाही, हे मला दिसत होतं. शिकलेलं सगळं मातीत, आणि गाव म्हणणार, चोर तो चोरच.

बाई आल्या. सगळं ऐकलं. "उद्या कामावर जा," एवढंच त्याला म्हणाल्या. मग मला, "मास्तर, थोडं तांबं द्या."

"कशाला?"

"द्या ना बाप्पा!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मिलमध्ये. बाईंनी ऑफिसात उभ्या-उभ्याच चहा घेतला, शेठजींची ख्यालीखुशाली विचारली. भोंगा झाला तशा सुटलेल्या गड्यांच्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या, रूपेशच्या पुढे. गेटवर चौकीदार म्हणाला, "आप जाओ, बाई।"

"काऊन? मले तपासा."

"आपको क्या तपासना?"

"तपासा म्हनलं ना!"

तो हसला. तशी बाईंनी आपली जुनी कातडी बॅग त्याच्या टेबलावर उलटी केली. गोळ्यांची पाकिटं, सुपारीची डबी, कंगवा, तो चिमटा, आणि सगळ्यांच्या वर, लालसर लखलखतं, माझं तांबं.

ओळ जागच्या जागी थांबली. मुनीम धावत आला. "ये कहाँ से आया?"

"तुमच्याच मिलमधलं असन. ओळखा."

मुनीमानं तार उलटून-पालटून पाहिली. तांब्यावर काय कोणाचं नाव लिहिलेलं असतं?

"नाई ओळखत ना?" बाईंचा आवाज आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जाणारा झाला होता. "माह्या बॅगेत तांबं होतं, मले म्हनते जाओ बाई. ह्याच्या डब्यात खरकटं होतं, ह्याले रोज थांबवते. तांबं शोधून राह्यले का मानूस शोधून राह्यले तुम्ही?"

शेठजी बाहेर आले. "बाई, यहाँ तमाशा मत करो।"

"तमाशा त रोजच होते, शेठजी, तुमच्या गेटवर. मी आज पाह्यले आली. झडती घ्यायची त सगळ्याईची घ्या, मुनीमजीची बी घ्या. नाई त कोनाचीच नको."

मागे ओळीतून कोणीतरी म्हणालं, "बराबर आहे." मग दुसरा. एका म्हाताऱ्या हमालानं आपला डबा आपणच उघडून टेबलावर ठेवला. शेठजी हट्टाचे, म्हणाले, ठीक आहे, सगळ्यांची घ्या. मुनीमाचीही पिशवी उघडली गेली. त्याचा चेहरा मी विसरणार नाही, अगदी बॉनेटवर भाकर ठेवलेल्या माणसाचा. थोडे दिवस सगळ्यांची झडती चालली. ओळ रस्त्यापर्यंत जायची, ट्रक अडायचे, गाड्यांचे ड्रायव्हर शिव्या द्यायचे. मग शेठजीच कंटाळले आणि झडती बंद झाली. रूपेश मिरचीला गेला नाही. आजही त्याच मिलमध्ये आहे.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "बाई, खरंच पोलिसांत दिलं असतं तर?"

"मंग तुम्ही आले असते ना सांगाले, तांबं माह्यं आहे म्हनून." आणि माझ्याकडे तिरकं पाहून, "आले असते का नाई?"

आता ते खुर्चीचं. त्यानंतरच्या पोळ्यापर्यंत बाईंचा दम उखडू लागला होता. डॉक्टरनं सक्त ताकीद दिलेली. मारबतीच्या पहाटे पोरांनी गोदामाच्या दारात खुर्ची आणून ठेवली आणि बाईंना धरून बसवलं. पुढे त्याच हिवाळ्यात बाई वारल्या. पण त्या पहाटे होत्या, आणि चिडलेल्या होत्या, खुर्चीवर.

पोरं ओरडत होती. नवी पोरं, नवे शब्द. रूपेश गोंदियाहून मोटारसायकलनं आला होता, रात्रपाळी करून, तेलकट शर्टातच. सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

"ए रूपेश," बाई खुर्चीतूनच म्हणाल्या. आवाज बसलेला होता, तरी मागच्या सीटवर पोचला. "समोर सरक. मांगं कोनाचं घर नाई."

तो पुढे आला. मारबतीसमोर उभा राहिला. सगळे वाट पाहत होते. मग त्यानं गळ्याच्या शिरा ताणल्या.

"चोर घेऊन जा गे मारबत!"

 भांडी आत घेणाऱ्या बाया सगळ्याच गावांत असतात, आमच्याही दारादारांत होत्या. मग एका पोरीनं तेच म्हटलं, मग सगळ्यांनी, आणि दारातल्या एका बाईनंही म्हटलं, मी पाहिलं. सिंधूबाईंनी बाजूला हात करून चिमट्यानं त्या जळक्या पत्र्यावर दोनदा वाजवलं. मिरवणूक हलली.

"मास्तर, तुम्ही काय पाहून राह्यले? जा ना!"

मी गेलो. आणि या वयात, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता, छाती फुटेस्तोवर ओरडलो, "झडती घेऊन जा गे मारबत!" बाईंनी ऐकलं की नाही, ते पाहायला कोपऱ्यावरून मागे वळलो. खुर्ची रिकामी होती. बाई दारात उभ्या होत्या, दोन्ही पाय फाकवून, एक हात वर केलेला, जिथं दोरी नव्हती तिथं.